पुरस्कारांची पंगत आणि पंगतीबाहेरचे गाणे

१

पुरस्कार म्हणजे कलावंताचा गौरव, असे आपण धरून चालतो. तो गौरव असतोच. परंतु त्याहून अधिक तो एक हिशेब असतो. कोणत्या कामाला कला म्हणायचे, कोणत्या कामाला नुसती मजुरी म्हणायचे, कुणाचे नाव पुकारायचे आणि कुणाचे नाव दुसऱ्याच्या नावात जिरवून टाकायचे, या प्रश्नांची उत्तरे पुरस्काराची योजना आखतानाच दिली जातात. नामांकनांची यादी मागाहून येते. तिच्या आधी विभागांची यादी तयार होते. ज्याच्या कामाला विभागच नाही, त्याचे नामांकन होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याचे गाणे गावोगाव गाजो, त्याला जिंकण्याचा अधिकार नसतो. इतकेच काय, हरण्याचाही अधिकार नसतो.

गावच्या पंगतीचा अनुभव ज्यांच्या आजा-पणजांना आहे त्यांना हे समजावून सांगावे लागू नये. पंगतीत बसलेल्याला उशिरा वाढले तर तो भांडू शकतो. ज्याचे पानच मांडलेले नाही त्याने भांडायचे कुणाशी? आणि तरीही त्या पंगतीतले लाकूड त्याने फोडलेले असते, वाजंत्री त्यानेच वाजवलेली असते.

चित्रपटसंगीताच्या पुरस्कारांचा इतिहास मला या दृष्टीने तपासून पाहायचा आहे. विषय वरवर करमणुकीचा वाटेल. परंतु या देशात सामान्य माणसाच्या कानावर जी कविता पडते ती बव्हंशी चित्रपटाच्या गाण्यातून पडते. तेव्हा त्या कवितेचा मान कुणाला मिळाला आणि कसा मिळाला, हा सांस्कृतिक इतिहासाचाच प्रश्न आहे.

२

२१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात फिल्मफेअर पुरस्कारांचा पहिला समारंभ झाला. टाइम्स ऑफ इंडियाच्या चित्रपट-समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ या पुरस्कारांना आरंभी 'क्लेअर' म्हणत. त्या वर्षी विभाग होते अवघे पाच: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीत दिग्दर्शक. 'दो बीघा जमीन' आणि तिचे दिग्दर्शक बिमल रॉय, 'दाग'मधले दिलीपकुमार, 'बैजू बावरा'मधल्या मीनाकुमारी आणि त्याच चित्रपटाचे संगीतकार नौशाद यांना ते मिळाले. विजेत्याच्या हाती जी बाहुली देतात ती शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी घडवलेली. हात वर करून नाचणारी ती काळी स्त्री आहे. ही आकृती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावे लागेल.

पाचांत संगीताला जागा होती हे खरे. परंतु संगीत म्हणजे संगीतकार, एवढाच त्याचा अर्थ होता. गाणारा गळा, गाण्याचे शब्द, वाद्यमेळ बांधणारा, वाजवणारा, हे सारे संगीतकाराच्या नावाखाली झाकलेले होते. वतनदार एक आणि राबणारे अनेक, अशीच ही मांडणी होती.

ती पहिल्यांदा मोडली ती आतल्याच एका माणसाने. १९५७ साली 'चोरी चोरी'च्या संगीताबद्दल शंकर-जयकिशन यांना पुरस्कार मिळाला. समारंभात लता मंगेशकर यांनी त्यातले गाणे गावे, अशी जयकिशन यांनी गळ घातली. लताबाईंनी नकार दिला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: पुरस्कार तुमच्या संगीताला आहे, गायकाला नाही, कवीलाही नाही, तेव्हा गायकाविना आणि शब्दांविना नुसती चाल वाजवा. हा नकार फुकट गेला नाही. १९५९च्या समारंभात पार्श्वगायन आणि गीतलेखन या दोन विभागांची भर पडली. तरीही गायक आणि गायिका यांना एकच पुरस्कार होता. तो १९६८मध्ये दोघांसाठी वेगळा झाला.

या प्रसंगाची आठवण सांगताना लोक लताबाईंच्या करारीपणाचे कौतुक करतात. ते रास्तच आहे. मला मात्र त्यातून दुसरा एक धडा दिसतो. विभाग आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी काम थांबवल्याशिवाय, 'मी गाणार नाही' असे म्हटल्याशिवाय, काम म्हणून त्याची नोंद होत नाही. कामगारांना हे ठाऊक असते. आणि नकार देण्याची ताकद ज्याच्यापाशी असते, त्याचीच नोंद आधी होते, हेही ओघानेच येते. लताबाईंचा गळा अडला असता तर धंदा अडला असता. कोरसमधल्या मुलीने नकार दिला असता तर दुसरी आली असती.

३

१९५९ साली गीतलेखनाचा पहिला पुरस्कार शैलेंद्र यांना मिळाला, 'यहूदी'मधल्या गाण्याबद्दल. त्याच समारंभात पार्श्वगायनाचा पहिला पुरस्कार लताबाईंना मिळाला तो 'मधुमती'मधल्या गाण्यासाठी, आणि त्या गाण्याचे शब्दही शैलेंद्रांचेच होते. म्हणजे नव्याने उघडलेल्या दोन्ही दारांतून पहिल्याच दिवशी एकाच माणसाचे शब्द आत गेले. पुढच्या वर्षी 'अनाडी'साठी पुन्हा त्यांनाच पुरस्कार मिळाला.

हा माणूस कोण होता? मूळ नाव शंकरदास केसरीलाल. जन्म ३० ऑगस्ट १९२३, रावळपिंडी. घराणे मूळचे बिहारचे, जात चर्मकार. बालपण आणि शिक्षण मथुरेत. तिथे हॉकी खेळताना काही मुलांनी जातीवरून हिणवले तेव्हा हातातली काठी मोडून त्यांनी खेळच सोडला, अशी हकीगत त्यांच्या घरचे सांगतात. नंतर रेल्वेची नोकरी आणि माटुंग्याचे वर्कशॉप. इप्टाच्या व्यासपीठावर फाळणीची कविता म्हणताना राज कपूर यांनी त्यांना ऐकले आणि चित्रपटासाठी कविता मागितली. त्यांनी ती दिली नाही. कविता विकायची नव्हती. पुढे पत्नीच्या बाळंतपणासाठी पैशाची गरज पडली तेव्हा ते स्वतः राज कपूरकडे गेले आणि 'बरसात'साठी (१९४९) दोन गाणी लिहिली. कामगारांच्या मोर्चात आजही दिली जाणारी एक घोषणा त्यांच्याच लेखणीतून आलेली आहे. ती देणाऱ्या कित्येकांना हे माहीतही नसते.

शैलेंद्र गेले १४ डिसेंबर १९६६ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. त्यांची जात सर्वसामान्य रसिकांच्या चर्चेत आली ती २०१३ नंतर, 'अंदर की आग' या त्यांच्या कवितासंग्रहाच्या निमित्ताने. त्याच्या प्रस्तावनेत त्यांच्या मुलाने ती गोष्ट उघडपणे लिहिली. त्यावर काही मंडळी रागावली. एवढ्या मोठ्या कवीला जातीच्या चौकटीत का बसवता, असे त्यांचे म्हणणे. हा प्रश्न ऐकताना मला नेहमी नवल वाटते. नौशाद लखनौचे होते, शंकर हैदराबादचे, सचिनदेव बर्मन त्रिपुराच्या राजघराण्यातले. हे सारे सांगताना कुणाची चौकट आड येत नाही. राजघराणे सांगितले तर तो परिचय होतो आणि चर्मकाराचे घर सांगितले तर तो संकोच होतो! असा हा न्याय आहे.

गीतलेखनाची पहिली बाहुली एका दलिताच्या हाती गेली, ही आनंदाची गोष्ट आहेच. परंतु ती त्याच्या हाती जाताना सभागृहाला ते माहीत नव्हते, आणि माहीत नसणे हीच जणू प्रवेशाची अट होती. उत्तम काम करूनही माणसाला स्वतःचा पत्ता लपवून पंगतीत बसावे लागते, याला समता म्हणता येईल काय? शैलेंद्रांनी आपणहून लपवले, असे मी म्हणत नाही. कुणी विचारले नाही आणि सांगायला सोयीची जागा नव्हती, एवढेच पुरेसे होते.

त्यांच्या अखेरची कथा तर फारच बोलकी आहे. फणीश्वरनाथ रेणूंच्या कथेवरून त्यांनी 'तीसरी कसम' काढला. विषय नौटंकीतल्या एका नाचणारणीचा आणि एका गाडीवानाचा. म्हणजे उत्तरेतला तमाशाच. चित्रपट १९६६ साली आला, धंद्यात बसला, आणि कर्जाने शैलेंद्र खचले. त्याच चित्रपटाला नंतर उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. १९६७च्या फिल्मफेअर समारंभात 'गाइड'ने सात पुरस्कार नेले. संगीतासाठी मात्र सचिनदेव बर्मन नुसते नामांकित राहिले आणि पुरस्कार 'सूरज'ला गेला. 'गाइड'ची ती गाणीही शैलेंद्रांची. १९६९ साली 'ब्रह्मचारी'साठी गीतलेखनाचा तिसरा पुरस्कार त्यांना जाहीर झाला. तोवर त्यांना जाऊन दोन वर्षे उलटली होती.

४

मी माणिकपूरला राहतो. वसईचा किल्ला एका बाजूला आणि सोपारे दुसऱ्या बाजूला, अशा मधल्या पट्ट्यातले हे गाव. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली तिथे सापडला. त्या टेकाडाला लोक शतकानुशतके 'बुरूड राजाचा कोट' म्हणत होते. इतिहास विसरलेला असतानासुद्धा लोकांनी एका टोपल्या विणणाऱ्याला राजा करून ठेवले होते, हे मला लक्षणीय वाटते. पोर्तुगीजांचा अंमल इथे १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. त्यांनी चर्चे बांधली, आणि चर्चसोबत व्हायोलिन, स्वरलिपी आणि समूहगायन आले.

याच परंपरेने गोव्यात वादकांच्या पिढ्या घडवल्या. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही मुले मुंबईत आली आणि चित्रपटसंगीताचा सगळा वाद्यमेळ त्यांच्या खांद्यावर उभा राहिला. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही त्यांतली काही नावे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले ते भरगच्च व्हायोलिनांचे थवे सबॅस्टियन डिसोझांनी बांधलेले आहेत. १९५७चा तो पुरस्कार आठवा. त्यात लताबाई होत्या, शैलेंद्र होते आणि सबॅस्टियनही होते. लताबाई आणि शैलेंद्र यांच्यासाठी दोन वर्षांनी विभाग उघडला. वाद्यसंयोजकासाठी तो उघडला नाही. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव देशभर झाले ते एका विनोदी गाण्यातल्या पात्राचे नाव म्हणून. ते गाणे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूच्या आदराने केले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हे सारे मला रोजच्या पाहण्यातून उमगत गेले. आमच्याकडे लग्नसराईत बँडची पथके फिरतात. तोच ट्रंपेटवाला सकाळी चर्चच्या लग्नात वाजवतो, संध्याकाळी हळदीला वाजवतो आणि १४ एप्रिलला मिरवणुकीत भीमगीताची चाल वाजवतो. तीन समाजांची तीन दैवते त्याच्या एका फुंकरीवर चालतात. पथकाच्या कार्डावर मात्र मालकाचे नाव असते, त्याचे नसते. मेट्रोतला समारंभ आणि गल्लीतला बँड यांच्यात झगमगाटाचा फरक आहे. हिशेबाची रीत तीच आहे.

५

आता त्या नाचणाऱ्या बाहुलीकडे वळू. सभागृहात ज्या आकृतीला कलेचे प्रतीक मानले, ती आकृती आमच्या फडावर शेकडो वर्षे प्रत्यक्ष उभी होती. तिथे तिला काय मिळाले?

पठ्ठे बापूराव हे नाव लावणीच्या इतिहासात मोठ्या आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण तरुण जात सोडून फडात आला. त्याच्या लावण्या जिने जिवंत केल्या ती पवळा, महाराची मुलगी. तमाशाच्या फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतात. परंतु बापूरावांवर ग्रंथ झाले, १९५० साली चित्रपट झाला. पवळेचे नाव बहुतेक ठिकाणी त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग म्हणून येते.

महाडच्या सत्याग्रहाच्या काळातली एक घटना इथे आठवली पाहिजे. तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला द्यावे म्हणून बापूराव बाबासाहेबांकडे गेले. बाबासाहेबांनी ते घेतले नाही. आमच्या मुली नाचवून मिळालेला पैसा मला नको, असा त्या नकाराचा आशय होता. चळवळीला पैशाची किती नड होती हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराचे वजन कळते. मानाशिवाय आलेले धन घ्यायचे नाही, ही ती भूमिका होती. पुढे भीमराव कर्डक आणि इतरांनी आंबेडकरी जलसे उभे केले ते याच भूमिकेवर. ढोलकी तीच, सवाल-जवाब तेच, पण गण-गौळणीच्या जागी माणुसकीचा सवाल आला. या जलशांना कोणता विभाग होता? त्यांचे परीक्षक मुक्कामाच्या गावचे लोक होते, आणि त्यांचे बक्षीस म्हणजे दुसऱ्या दिवशी मेलेले ढोर ओढायला नकार देणारी वस्ती.

बाबासाहेबांच्या त्या नकाराचा अर्थ कुणी असाही लावील की फडावरच्या बाईलाच त्यांनी नाकारले. तसे मी मानत नाही. पण तिच्या पोटाचा प्रश्न त्या नकाराने सुटला नाही, हे मान्य केले पाहिजे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे आयुष्य त्याची साक्ष आहे. १९५७ आणि १९९० असा दोनदा त्यांचा राष्ट्रपतींकडून सन्मान झाला. चीनच्या युद्धाच्या वेळी त्यांनी सीमेवरच्या जवानांपुढे खेळ केले. खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा फडावर आल्या, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे, आणि लोक ती कौतुकाने सांगतात. मला त्या कथेतले कौतुक टोचते. बाळंतिणीला उभे राहावे लागले, कारण तिकिटाचे पैसे परत द्यायची ऐपत फडाकडे नव्हती आणि प्रेक्षकांकडे थांबण्याची माणुसकी नव्हती. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या तेव्हा इस्पितळाचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देते. तो पुढे त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनाही मिळाला. आईचे बिल थकले आणि आईच्या नावाचा पुरस्कार लेकीला मिळाला. यात शासनाची कृतज्ञता आहे, हे खरे. उशीर किती झाला, याची नोंदही त्यातच आहे.

६

दलितांच्या जीवनावरच्या चित्रपटांना पुरस्कार मिळत नाहीत, अशी तक्रार आज करता येणार नाही. २००८ सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'जोगवा' या मराठी चित्रपटाला संगीत, गायक आणि गायिका असे तिन्ही पुरस्कार मिळाले: अजय-अतुल, हरिहरन, श्रेया घोषाल. कलावंत थोर आहेत आणि काम उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु जिच्या गळ्यात परडी आणि हातात चौंडके आहे त्या जोगतिणीचा सूर त्या यादीत कुठल्या नावाने आला? तिचे दुःख हा विषय झाला. ती स्वतः कलावंत झाली नाही. २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट 'कोर्ट'. त्यात लोकशाहिराची भूमिका वीरा साथीदार या चळवळीतल्या कार्यकर्त्याने केली आणि गाणी संभाजी भगत यांची होती. शाहिराला आरोपी करणाऱ्या व्यवस्थेवरचा चित्रपट त्याच व्यवस्थेने गौरवला, हे लोकशाहीचे बळ म्हणायचे की तिची चतुराई, याचा निर्णय वाचकांनी करावा.

आमच्या गाण्याचा खरा बाजार वेगळाच होता. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि तबकड्यांच्या मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी ढिली पडली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घरोघर गेला. पंढरीच्या वाटेवरही तोच आवाज आणि भीमजयंतीच्या मंडपातही तोच. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांच्या कॅसेटींनी तर खेडोपाडी धुमाकूळ घातला. ६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला पदपथावर मांडलेल्या कॅसेटी हाच आमचा समारंभ. तिथे सोनेरी तबकडी कुणी दिली नाही, कारण पदपथावरच्या विक्रीची मोजदाद कुणी ठेवली नाही. ज्यांना हजारो माणसे तोंडपाठ म्हणतात अशी वामनदादा कर्डकांची गाणी. ते वामनदादा मोठेपणी अक्षर शिकले, आणि १५ मे २००४ रोजी गेले. त्याच वर्षी जूनमध्ये प्रल्हाद शिंदेही गेले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच कोसळले. गाणाऱ्याला याहून मोठा मान कोणत्या सभागृहात मिळणार होता?

७

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे, असे समजू नये. अमेरिकेत ग्रॅमी पुरस्कार १९५९ साली सुरू झाले. आपल्याकडे गायक आणि कवी यांना विभाग मिळाला तेच साल. एला फिट्झजेराल्ड आणि काउंट बेसी या काळ्या कलावंतांना पहिल्याच वर्षी पुरस्कार मिळाले. परंतु 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हा जो काळ्यांच्या संगीताचा विभाग, त्याचा पहिला पुरस्कार 'द चॅम्प्स' या संचाला गेला, आणि त्यात काळे वादक नव्हते. १९८९ साली रॅप संगीताला विभाग मिळाला. पण तो पुरस्कार दूरदर्शनच्या प्रक्षेपणात दाखवायचा नाही असे ठरले. तेव्हा नामांकित कलावंतांपैकी अनेकांनी समारंभावरच बहिष्कार घातला. त्यात तो पुरस्कार जिंकणारे डीजे जॅझी जेफ आणि विल स्मिथही होते.

१९७२ साली आपल्याकडच्या तरुणांनी ब्लॅक पँथरकडून नाव घेतले ते उगाच घेतले नव्हते. पंगतीत पान मांडले, पण दिवा मालवला, तर त्या पानाचा उपयोग काय, हे काळ्या कलावंतांनी ओळखले. १९५७चा लताबाईंचा नकार, महाडच्या काळातला बाबासाहेबांचा नकार आणि १९८९चा हा नकार, हे तीन अगदी भिन्न प्रसंग आहेत. त्यांना एका मापाने मोजणे गैर होईल. एकीचा झगडा आपल्या व्यवसायाच्या हक्कासाठी होता, दुसऱ्याचा साऱ्या समाजाच्या अब्रूसाठी होता, तिसऱ्यांचा आपल्या कलेच्या जाहीर दर्शनासाठी होता. पण आपली किंमत दुसऱ्याने ठरवू नये, एवढा एक धागा तिन्हींत आहे.

८

मग आपण काय करायचे? प्रस्थापितांच्या पुरस्कारांकडे पाठ फिरवा, असे मी म्हणणार नाही. शैलेंद्रांना तीनदा मिळाला त्याचा मला अभिमान आहे. आपल्या माणसाचे नामांकन झाले तर त्याने ताठ मानेने जावे आणि आपला पत्ता सांगून यावे. आपणच निराळे पुरस्कार सुरू करावेत, ही सूचनाही नेहमी होते. तसे पुष्कळ सुरू झालेही आहेत. पण शाल-श्रीफळाची तीच पंगत आपण वेगळ्या मांडवात मांडली, तर ढोलकीवाला तिथेही बाहेरच राहील.

मला तातडीचे काम वाटते ते नोंदीचे. आपल्या घरांतल्या जुन्या कॅसेटी अजून पूर्ण नाहीशा झालेल्या नाहीत. त्यांच्या वेष्टनांवर गीतकार, गायक, कधी ढोलकीवादक यांची नावे छापलेली आहेत, आणि पुष्कळांवर ती छापलेलीच नाहीत. जलशांत गाणारी, कोरस धरणारी, तुणतुणे वाजवणारी माणसे म्हातारी झाली आहेत. प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी आपल्या वस्तीपुरती एक वही करावी: गाणे कोणते, लिहिले कुणी, चाल कुणाची, साथ कुणाची, पहिल्यांदा म्हटले कुठे. जो राहिला असेल त्याला विचारून लिहावे. बाईचे नाव 'अमक्याची बायको' म्हणून लिहू नये; तिचे नाव विचारून लिहावे.

बुरूड राजाच्या कोटाखाली स्तूप होता, हे कळायला १८८२ साल उजाडावे लागले. तेही बाहेरून आलेल्या विद्वानाने खणले तेव्हा. आपल्या गाण्यांसाठी तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. गाणारे अजून आहेत, आणि त्यांना स्वतःची नावे सांगता येतात.